मदत हवी आहे: फूटीची (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची) टीम निवडतात तरी कशी?

मेलबर्नवासी मंडळी, जरा समजावा. ऑफिसात टिपिंग (कोण जिंकणार याचे अंदाज) लावतो, पण टीम जाहीर झाली की पँट्रीत जी जुंपते, त्यात मी नुसता चहा ढवळत उभा! मैदानात 18 जण, हे कळलं. पण पाऊस असला की दुसरा रकमन (वर उडालेल्या चेंडूसाठी झेपावणारा उंच खेळाडू) नको, एखादा चपळ गडी घ्या, असं का म्हणतात? आणि दुखापतीचं काय? 2022 च्या ग्रँड फायनलला सिडनीने जांघ दुखावलेल्या सॅम रीडला घेतलं, मध्येच काढावं लागलं. जीलाँगने मात्र दुखापत झालेल्या मॅक्स होम्सला बाहेर ठेवलं आणि 81 गुणांनी जिंकले. (बिचारा होम्स!) मग अर्धवट फिट खेळाडू घेतातच कशाला? शुक्रवारच्या आत सांगा, टिप्स भरायच्यात.