स्टॅबिलिटी म्हणजे स्थैर्य, पण नक्की कशाचं?

मुलगी डिप्लोमाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. तिच्या नोट्समध्ये एका पानावर लिहिलंय की निगेटिव्ह फीडबॅकने (आउटपुटचा भाग उलटा करून इनपुटला परत देण्याने) स्टॅबिलिटी वाढते आणि पुढच्याच धड्यात म्हणतात की फीडबॅकमुळे ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी चिप) अनस्टेबल होऊ शकतो. दोन्ही खरं कसं असेल? आणि मराठीत दोन्हीकडे 'स्थैर्य'च म्हणायचं का?

– काका, दोन्ही खरं आहे, शब्द एक असला तरी गोष्टी दोन आहेत. पहिली गेनची, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो त्याची. ७४१ या ऑप-अँपचा ओपन लूप गेन, म्हणजे फीडबॅकशिवायचा, साधारण २ लाख, तो तापमानाने किंवा नग बदलल्याने १ लाखावर आला तरी फीडबॅक लावून १० वर बांधलेला गेन ९.९९९ च्या खाली जात नाही. दुसरी गोष्ट आउटपुट हलल्यावर परत जागेवर बसतं का ही. ऑप-अँपच्या आत सिग्नलला उशीर होतो, फ्रिक्वेन्सी वाढली की फेज मागे पडत जाते, आणि ती आणखी १८० अंश मागे पडली तर निगेटिव्हचा पॉझिटिव्ह होतो, तिथे लूप गेन (फीडबॅकमधून एक पूर्ण फेरी झाल्यावरचा गेन) अजून १ च्या वर असेल तर सर्किट आपणहून ऑसिलेट व्हायला, म्हणजे सतत वरखाली व्हायला लागतं. ७४१ च्या आत ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर याचसाठी घातलाय, फेज तेवढी मागे पडायच्या आधीच गेन उतरवायला. म्हणून मुलीला हे नक्की सांगा की सगळ्यात नाजूक केस जास्त गेनची नसते, गेन १ च्या फॉलोअरची (जसं इनपुट तसंच आउटपुट देणाऱ्या सर्किटची) असते, कारण तिथे अख्खं आउटपुट परत येतं. ओपी३७ हा ऑप-अँप तर ५ च्या खालच्या गेनला लावायचाच नाही.

– गेनसाठी 'कायम राहणं' आणि सर्किटसाठी 'स्थिरावणं' म्हणा ना! भाव स्थिरावले, पाणी स्थिरावलं म्हणतो तसं, हलून मग थांबणं त्या क्रियापदातच आहे.

– 'स्थिरावणं' एकदम पटलं. डोळ्यांनी बघायचं असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एक टीएल०७२ ऑप-अँप आणा, फॉलोअर करून स्क्वेअर वेव्ह द्या आणि आउटपुटला तीनेक मीटर कोॲक्स केबल लावा, केबलच्या दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स पडतो आणि त्याने फेज आणखी मागे पडते. स्कोपवर (सिग्नलचा आकार दाखवणाऱ्या यंत्रावर) चौकोनी लहरीच्या प्रत्येक कोपऱ्याला थरथर दिसेल. मग ऑप-अँप आणि केबलच्या मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर घाला, फीडबॅक मात्र रेझिस्टरच्या आधीच घ्या, थरथर बरीच कमी होते.