प्रतिसाद: दगड-ब्राँझपलीकडची शिल्पं
वर एकांनी लिहिलंय की दगड नि ब्राँझ सोडून बाकी सगळं भंगाराची कलाकुसर, मला अजिबात पटलं नाही. घानाचे शिल्पकार एल अनात्सुई बघा, दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं चेपून तांब्याच्या तारेनं जोडतात, त्याचे भिंतभर पडदे होतात आणि दरवेळी टांगताना चुण्या वेगळ्या पडतात म्हणजे शिल्पाला एकच ठरलेला आकारच नाही! २०१५ ला व्हेनिस बिएनालेत, म्हणजे इटलीतल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, जीवनगौरवाचा गोल्डन लायन पुरस्कार मिळाला त्यांना. आपल्याकडं शिल्पकार मृणालिनी मुखर्जींनी जाड दोऱ्यांना हातानं गाठी मारत शिल्पं उभी केली, काही तर माणसाहून उंच, माग नाही काही नाही. सोलापुरात जेकार्डवर (नक्षी विणायच्या मागावर) चादरी विणणाऱ्यांना हे पटकन कळेल, धाग्याचा ताण त्यांच्या बोटांत असतो. इथल्या आर्टच्या पोरांना मातीसोबत टॉवेल कारखान्यातलं उरलेलं सूत पण द्या ना हाताळायला.