कॅम्पर ट्रेलरसाठी जनरेटर कोणता घ्यावा?

डेन्व्हरकर: मंडळी, जुना १८ फुटी ट्रेलर घेतलाय. छतावर १३,५०० बीटीयूचा एसी आहे. जुलैत युटातल्या मोॲबला जायचंय, तिथल्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानाच्या डेव्हिल्स गार्डन कॅम्पग्राउंडमध्ये विजेची जोडणी नाही. एसी आणि अधूनमधून मायक्रोवेव्ह चालेल असं काही सुचवा. बजेट ७०० डॉलर, वर एक छदाम नाही.

पिठलं_भाकरी: होंडा ईयू २२००आय. डोळे मिटून घ्या. हजाराच्या वर जाईल, पण एकदाच काय ते. शेजारच्या साइटवर कुणाला पत्ताही लागत नाही.

टेक्सासचा_बाळ्या: एकट्याने एसी? २२०० वॅट हा नुसता झटक्याचा आकडा, सलग १८०० च. कंप्रेसर उठताना त्याहून बरंच जास्त मागतो. मी दोन घेऊन पॅरलल जोडलेत. एसी, मायक्रोवेव्ह, टीव्ही, सगळं एकदम!

डेन्व्हरकर: बाळ्याभाऊ, ७०० म्हटलं होतं हो.

घाटावरचा: एसीला सॉफ्ट स्टार्ट बसवा, म्हणजे कंप्रेसर हळूहळू उठवणारं उपकरण; झटका निम्म्यावर येतो. आणि उंची कुणीच धरली नाही! दर हजार फुटांमागे साधारण साडेतीन टक्के ताकद जाते. मोॲब चार हजार फुटांवर, म्हणजे १८०० चे साडेपंधराशे उरले. भर उन्हात एसी तेवढे एकटाच खातो. ३५०० वॅटच्या वर्गातला इन्व्हर्टर जनरेटर बघा.

माऊ_सिअ‍ॅटल: जनरेटरवर भारतातला मिक्सर चालतो का? ७५० वॅटचाच आहे.

पिठलं_भाकरी: नाही. तो २३० व्होल्टचा, इथे १२०. चटणी घरूनच वाटून न्या. बाकी होंडाच.

वैतागलेला: कुठलाही घ्या, हिवाळ्यात रडवतोच. टाकीत पेट्रोल राहिलं, कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकट राळ धरली. दुकानदाराने साफ करायचे दीडशे घेतले, वर मलाच ऐकवलं. आता घरी आलो की पेट्रोलचा कॉक बंद करतो आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो.

टेक्सासचा_बाळ्या: म्हणून ड्युअल फ्युएल घ्यावा, पेट्रोल आणि प्रोपेन गॅस दोन्हींवर चालणारा. प्रोपेन राळ धरत नाही.

घाटावरचा: पण प्रोपेनवर ताकद आणखी घटते.

सौ_अ‍ॅरिझोना: ताकदीचं पुरे. धूर कुठे जातो ते बघा. एक्झॉस्ट खिडकीपासून लांब आणि वारा धूर ट्रेलरपासून दूर नेईल अशा बाजूला हवा, ट्रेलरमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा चालू अलार्म हवाच. राष्ट्रीय उद्यानांत ५० फुटांवर ६० डेसिबलची मर्यादा आहे, शिवाय बऱ्याच ठिकाणी ठरावीक तासांतच चालवू देतात. नेमका दुपारी बंद ठेवायला लागला तर एसी काय कामाचा? आधी ते विचारा.

पिठलं_भाकरी: होंडा ६० च्या आतच असतो.

डेन्व्हरकर: सर्वांचे आभार. सौ. ताईंचं वाचून हिने मोॲबमध्येच वीजजोडणीवाली खाजगी जागा बुक केली. आणि शेजारचे आजोबा ४००० वॅटचा ओपन फ्रेम (नुसत्या सांगाड्यातला, आवरण नसलेला) जनरेटर अडीचशेला देत होते, तो उचलला. घरची वीज गेली तरी कामाला येईल.

टेक्सासचा_बाळ्या: ओपन फ्रेम?? अहो, तो बांधकामावरचा, कर्कश! कॅम्पात लावलात तर लोक दगड मारतील.

डेन्व्हरकर: मारू देत. अडीचशेत आला.

घाटावरचा: बरं, निदान तेल बदलूनच चालू करा. आणि त्याचं ३० अँपचं सॉकेट बहुतेक फिरवून अडकवायचं असेल, ट्रेलरचा प्लग टीटी-३०, म्हणजे सरळ खोचायचा. मधला अडॅप्टर लागेल.