प्रतिसाद: टार्गेटचा फ्रेट क्लास आणि बांधणी
अमेरिकेत एलटीएलने (म्हणजे पूर्ण ट्रक न भरणाऱ्या, इतरांच्या मालासोबत जाणाऱ्या वाहतुकीने) पाठवायच्या नेमबाजी-तिरंदाजीच्या पोलादी आणि फोमच्या टार्गेटना एकच फ्रेट क्लास (वाहतुकीचा दर ठरवताना वापरला जाणारा मालाचा वर्ग) लागेल का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते ‘नाही’ असे आहे, कारण तेथे क्लास प्रामुख्याने मालाच्या घनतेवर ठरतो. 48 x 40 इंचांच्या पॅलेटवर, पॅलेट धरून 18 इंच उंचीपर्यंत पोलादी पाट्या रचल्या तर आकारमान 20 घनफूट भरते, आणि एकूण वजन 760 पाउंड असल्यास घनता दर घनफुटाला 38 पाउंड येते. 2025 पासूनच्या घनतेच्या 13 टप्प्यांच्या पट्टीवर तो क्लास 55 झाला. त्याच पॅलेटवर 72 इंच उंच रचलेले, 240 पाउंडांचे तिरंदाजीचे फोमचे ठोकळे मात्र 80 घनफूट जागा अडवतात, घनता 3 वर उतरते आणि क्लास थेट 250 होतो. मापात लाकडी पॅलेटची उंची व वजन धरायचेच (मी एकदा विसरलो आणि फेरमोजणीचा भुर्दंड भरला).

पोलादी पाट्यांसाठी नुसत्या स्ट्रेच फिल्मवर विसंबू नये, कारण त्यांचे कोपरे ती सहज फाडतात. पाट्या आडव्या ठेवून, दोन थरांमध्ये पुठ्ठा घालून, त्या पोलादी पट्ट्यांनी पॅलेटलाच आवळाव्यात. कागदी टार्गेटना धोका ओलीचा असतो. खोक्याला आतून प्लॅस्टिकचे अस्तर पुरते.