सूट, कोट आणि जाकीट: तीन शब्द, तीन कपडे

माझा भाचा नाशिकमध्ये सातपूरला एका कंपनीत नवा लागला आहे. वार्षिक कार्यक्रमाचं आमंत्रण आलं, गंगापूर धरणाच्या बाजूला, संध्याकाळी सातला. खाली एक ओळ होती: पुरुषांसाठी ‘लाउंज सूट’. तो मला विचारायला आला, “मामा, लाउंज म्हणजे बसायची खोली ना? मग हा घरात घालायचा सूट का?”

प्रश्न रास्त आहे. इंग्लंडात हा कपडा आधी खरोखरच सैलावून बसायचा होता. समारंभाला तिथे लांब शेपटीचे कोट लागायचे. पुढे ते मागे पडले आणि लाउंज सूटच समारंभाचा झाला. नाव तेवढं जुनं राहिलं. आज आमंत्रणावर हे शब्द असले की साधा गडद सूट, टाय आणि बंद बूट, एवढाच अर्थ घ्यायचा.

पण खरी गडबड ‘लाउंज’मध्ये नव्हतीच, ‘सूट’मध्ये होती. त्याने महात्मा गांधी रोडवरून काळा कोट आणला होता आणि घरातली काळी पँट त्याखाली घालणार होता. “कोट आहे, पँट आहे, झाला सूट!” आपण मराठीत सरसकट ‘कोट-पँट’ म्हणतो, त्यातून हा समज पक्का होतो. मी त्याला रविवार कारंजाजवळच्या आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे घेऊन गेलो. मास्तरांनी काही न बोलता कोटाची बाही आणि पँटचा पाय दाराशी नेऊन उजेडात शेजारी धरले. आत ट्यूबलाइटखाली दोन्ही काळेच दिसत होते. बाहेर एक निळसर, दुसरा तपकिरीकडे झुकलेला. “दादा, सूट म्हणजे एका ताग्यातला. हे दोन ताग्यांचं आहे.”

इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्या कोशात मिळाली नसती. शब्दाचं मूळही तेच सांगतं. इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मुळाशी ‘मागोमाग येणे’ हा अर्थ आहे. कोटामागून त्याच कापडाची पँट येते, म्हणून सूट. हॉटेलात एकाला लागून एक खोल्या असतात तो ‘स्वीट’ याचाच सख्खा भाऊ. वेगळ्या पँटवर घालायला मुद्दाम शिवलेला कोट तो ब्लेझर. तो छानच दिसतो, पण आमंत्रणात सूट म्हटलं असेल तर ब्लेझर त्याची जागा घेत नाही.

‘जाकीट’ हा याहून मोठा चकवा. इंग्रजीत सुटाच्या कोटालाच जॅकेट म्हणतात. मराठीत जाकीट म्हटलं की बिनबाह्यांचं, झब्ब्यावर घालायचं डोळ्यांपुढे येतं. ‘जॅकेट आवश्यक’ अशी सूचना वाचून कोणी झब्बा-जाकीट घालून गेला, तर चूक त्याची नाही. त्याने मराठी शब्द मराठीसारखा वाचला. म्हणून मला वाटतं, मराठीत लिहिताना तिथे स्पष्ट ‘कोट’च लिहावं. आणि बंदगळा जरूर आठवावा. सरकारी समारंभातही तो औपचारिक पोशाख म्हणून मानाने चालतो, टायची कटकट नाही.

व्याकरणाचंही बोलू. कपड्याचा ‘सूट’ पुल्लिंगी. सवलतीची ‘सूट’ स्त्रीलिंगी आणि ‘सुटणे’ या आपल्या क्रियापदातून आलेली. दोघांचा काही संबंध नाही. पहिला शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की विभक्तीत ‘बूट, बुटात’सारखा ‘सूट, सुटात’ असा ऱ्हस्व होतो. ‘सूटात’ हे चूकच. ‘सुटाबुटात’ आपण किती सहज म्हणतो! क्रियापदंही नीट वापरावीत: धोतर नेसतात, फेटा आणि टाय बांधतात, सूट घालतात.

‘ड्रेस कोड’साठी देवळांच्या बातम्यांत ‘वस्त्रसंहिता’ येतं. मला ते लग्नाच्या स्वागत समारंभासाठी जड वाटतं. ‘पोशाखाचा संकेत’ बरा. संकेत ही कल्पना आपल्याला नवी नाही. त्र्यंबकेश्वरला विधीला बसायचं असलं की गुरुजी पांढरं धोतर सांगतात, त्यावर कोणी वाद घालत नाही.

‘ब्लॅक टाय’ हे लाउंज सुटापेक्षा वरचं प्रकरण. काळा बो टाय आणि कॉलरच्या पट्ट्यांवर चकचकीत साटीन असलेला डिनर कोट. अमेरिकेत त्याला टक्सिडो म्हणतात, न्यूयॉर्क राज्यातल्या १८८६ साली वसलेल्या टक्सिडो पार्कवरून. नाशकात असं आमंत्रण क्वचितच येईल.

भाच्याने शेवटी गडद निळ्या कापडाचा, एका ताग्यातला सूट शिवून घेतला. ट्रायलला मास्तरांनी खालचं बटण उघडं ठेवायला सांगितलं, बसताना वरचंही. कोटाच्या मागच्या कटावर पांढऱ्या दोऱ्याची फुली होती, कच्ची शिलाई. अनेक जण ती तशीच ठेवून लग्नात फिरतात. घालण्याआधी ती काढायचीच असते. मास्तरांनी ब्लेडच्या टोकाने अलगद उसवली. मग उरलेल्या कापडाचा वीतभर तुकडा घडी करून आतल्या खिशात ठेवला. पुढेमागे रफू करायची वेळ आली तर हाच तागा पुन्हा मिळेलच असं नाही, म्हणून.