मराठी मजकूर क्रमवारीत मागे पडतो, की शोधयंत्राच्या हातीच लागत नाही?

रानवाट (धागाकर्ता):
गूगलसारख्या शोधयंत्राने वर दाखवले ते उत्तम, हा समज सोडायला हवा असे माझे मत आहे. पुढे गूगल स्थापन करणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना १९९८ साली मांडलेल्या पेजरँक पद्धतीत एखाद्या पानाकडे कोणकोणत्या पानांवरून दुवे येतात यावर त्याचे वजन ठरते. वजनदार पानाचा दुवा अधिक मोलाचा, मात्र त्या पानाने जितके जास्त दुवे दिले असतील तितका प्रत्येकाच्या वाट्याचा हिस्सा कमी. पुढे त्यात इतर अनेक निकष मिसळले, तरी दुव्यांचे महत्त्व संपलेले नाही. आपल्याकडे कुणी हरभऱ्यावरील घाटेअळीबद्दल अनुभवाने लिहिले, तर त्याला दाद मिळते ती व्हॉट्सॲपच्या गटात, आणि ती यंत्राला दिसत नाही. मग इकडून तिकडून उचललेला मजकूर छापणारी संकेतस्थळे वर बसतात.

पाटीपेन्सिल:
असहमत. क्रमवारी ही शेवटची पायरी आहे. आधी यंत्राचा फिरता प्रोग्राम दुव्यांवरून पाने गोळा करतो, मग पुस्तकामागच्या शब्दसूचीप्रमाणे कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सूची बनते, आणि आपल्याला उत्तर मिळते ते त्या सूचीतून. आपण शोधतो त्या क्षणी यंत्र जगभरची पाने चाळत नसते. सूचीत जे नाही त्याला क्रम कुठून मिळणार? कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेली कितीतरी परिपत्रके पडद्यावर मराठी दिसतात, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे. युनिकोडमध्येही, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीतही, घोळ आहेच. ‘हरभऱ्यावरील’ यातला अर्धा र कुणी नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून लिहितो, तर कुणी साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण मुद्दाम एकरूप केल्याखेरीज यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. त्यातून ‘हरभरा’ शोधणाऱ्याला ‘हरभऱ्याला’ असलेले पानही सापडावे, यासाठी सामान्यरूप ओळखावे लागते ते निराळेच.

रानवाट:
जुन्या फाँटचे मान्य. पण मूळ लेख आणि त्याची नक्कल दोन्ही युनिकोडमध्ये असतात आणि तरीही नक्कल वर येते, तेव्हा काय म्हणाल?

तिसरी घंटा:
तुम्ही दोघेही पैशाचा विषय टाळत आहात. जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल, असे ब्रिन आणि पेज यांनीच १९९८च्या निबंधात लिहून ठेवले होते (नंतर त्यांनी काय केले ते सर्वांसमोर आहे). फेब्रुवारी २०१८मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने शोधातील पक्षपाताबद्दल गूगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. विमान प्रवासाच्या शोधात स्वतःच्या सेवेचा चौकोन ठळक जागी मांडणे हा त्यातला एक मुद्दा होता. युरोपीय आयोगाने २०१७मध्ये खरेदीच्या शोधाबाबत २.४२ अब्ज युरोंचा दंड केला, तोही अशाच कारणासाठी.

पाटीपेन्सिल:
ते खटले महत्त्वाचे आहेत, पण विमानाच्या चौकोनावरून घाटेअळीचा उलगडा होत नाही. रानवाट, तुमच्या प्रश्नाचा निकाल लावता येतो. मूळ लेखातले एक लांब वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा. नुसती नक्कल आली, तर मूळ पान बहुधा सूचीत नाही, किंवा यंत्राने दोन्ही प्रतींतून नकलेचीच निवड केली आहे. मूळही आले आणि एरवी मात्र मागे पडत असेल, तर क्रमवारीला दोष द्या, मी हरकत घेणार नाही.

रानवाट:
चाचणी करून पाहतो. मात्र नेमके वाक्य त्यालाच ठाऊक असते, ज्याने लेख आधी वाचलेला आहे. शेतकरी ‘हरभऱ्याला अळी लागली’ एवढेच लिहिणार, आणि माझी तक्रार त्याच्या शोधाबद्दल आहे.