सँक्च्युअरी आणि फायरबॉल

भाऊ, डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळात सँक्च्युअरी हा संरक्षणाचा मंत्र लावलेल्या क्लेरिकजवळ (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारं पात्र) फायरबॉल, म्हणजे आगीच्या स्फोटाचा मंत्र, फुटला, तर तो टाकणाऱ्याला आधी विज्डम सेव्ह (शहाणपणाच्या गुणावर फासा टाकून द्यायची परीक्षा) द्यावा लागतो का, हा तुमचा प्रश्न. नाही लागत. खेळाच्या २०१४च्या नियमांत, सँक्च्युअरीच्या मजकुरातच तसं लिहिलंय.

आमच्याकडे जळगावला केळीच्या बागेभोवती शेवरी लावतात. ती उन्हाळ्यातलं गरम वारं अडवते, पण गारपीट वरून येते, तिला काय अडवणार? सँक्च्युअरी तशीच. नेम धरून येणाऱ्याला ती थांबवते: सेव्ह हुकला की दुसरं लक्ष्य निवडा, नाहीतर हल्ला वाया. फायरबॉलचा नेम मात्र जागेवर असतो, २० फूट त्रिज्येत जो असेल तो भाजतो.

खरी गंमत पुढे आहे. गेल्या रविवारी गच्चीवर खेळताना आमच्या क्लेरिकने मिनिटभर, म्हणजे १० फेऱ्या, फक्त जखमी सोबत्यांना बरं केलं आणि मंत्र शेवटपर्यंत टिकला. तिने एकदा जरी गदा उगारली असती, तर तो तिथंच संपला असता. म्हणून हा मंत्र लढणाऱ्यावर नाही, बरं करणाऱ्यावर टाका.